संत्रानगरीतील दोन महायुद्धांमधला बंगला : वारसामूल्याची चिकित्सा

प्रस्तावना :

नागपूर शहराची ओळख 'संत्रानगरी' अशी आहे. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले आणि विशिष्ट मातीत व विशिष्ट हवामानात येणाऱ्या या फळाचे वेगळेपण कायद्याने मान्य झाले. त्याच मातीवर आणि त्याच हवामानाला उत्तर म्हणून या शहरात आणखी एक गोष्ट आकारास आली, तिला मात्र असे संरक्षण लाभलेले नाही. ती गोष्ट म्हणजे पहिल्या व दुसऱ्या महायुद्धांच्या दरम्यान, म्हणजे साधारणतः १९१९ ते १९३९ या काळात, धंतोली, धरमपेठ, रामदासपेठ यांसारख्या वस्त्यांमध्ये बांधला गेलेला खाजगी निवासी बंगला होय.

या बंगल्यांची संख्या सातत्याने घटत आहे. एखादा वाडा पडला की हळहळ व्यक्त होते, शासकीय इमारतीला धोका निर्माण झाला की वृत्तपत्रांतून चर्चा होते. बंगला मात्र कुटुंबातील वाटणी, विकसकाशी करार आणि बांधकाम परवानगी या तीन पायऱ्यांतून शांतपणे नाहीसा होतो. त्याच्या जाण्याने नेमके काय गेले, हे सांगण्याची परिभाषाच अद्याप रूढ झालेली नाही, हे याचे एक कारण आहे. अशा बंगल्याचे वारसामूल्य केवळ त्याच्या इमारतीत शोधता येत नाही. ते इमारत, तिचे आवार आणि त्या दोहोंना जोडणारी जीवनपद्धती या तिहींच्या संबंधात असते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

उद्दिष्टे :

१) नागपुरातील आंतरमहायुद्धकालीन बंगल्यांची ऐतिहासिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२) त्यांच्या रचनेचा हवामान, माती व बांधकाम साहित्य यांच्याशी असलेला संबंध तपासणे.
३) वारसा ठरविण्याचे प्रचलित निकष या वास्तुप्रकाराला कितपत लागू पडतात, याचा विचार करणे.
४) संवर्धनाच्या व्यवहार्य दिशा सुचविणे.

राजधानी आणि तिची नवी वस्ती :

१८६१ साली मध्य प्रांताची निर्मिती झाली आणि नागपूर हे त्याच्या राजधानीचे ठिकाण ठरले. १८६७ मध्ये मुंबईहून येणारा लोहमार्ग येथवर पोहोचला आणि १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. लोहमार्गाच्या पूर्वेस महाल, इतवारी, शुक्रवारी या भोसलेकालीन वस्त्या होत्या. पश्चिमेस सीताबर्डीचा किल्ला आणि त्यापलीकडे इंग्रज अधिकाऱ्यांची सिव्हिल लाइन्स. एकोणिसाव्या शतकात 'बंगला' हा शब्द मुख्यतः या सिव्हिल लाइन्सशी निगडित होता. बंगला म्हणजे साहेबाचे घर, असा त्याचा रूढ अर्थ होता.

विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत हा अर्थ बदलला. १९०७ ते १९१२ या काळात मध्य प्रांताचे चीफ कमिशनर असलेले सर रेजिनाल्ड क्रॅडॉक यांच्या नावाने 'क्रॅडॉक टाउन' ही वसाहत ओळखली जाऊ लागली. हीच आजची धंतोली. १९२० च्या डिसेंबरात नागपुरात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले, त्याची आठवण 'काँग्रेसनगर' या नावात टिकून आहे. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठाची स्थापना झाली आणि सर बिपिनकृष्ण बोस हे त्याचे पहिले कुलगुरू झाले. १५ जानेवारी १९२५ रोजी रेल्वे स्थानकाच्या सध्याच्या इमारतीचे उद्घाटन झाले. १९२८ मध्ये धंतोलीत रामकृष्ण मठ स्थापन झाला. १९३६ मध्ये नागपूर उच्च न्यायालय अस्तित्वात आले. त्याच्या इमारतीची पायाभरणी १९३७ मध्ये झाली व १९४० च्या जानेवारीत तिचे उद्घाटन झाले. नव्या दिल्लीच्या उभारणीत सहभागी असलेले वास्तुविशारद हेन्री मेड यांनी तिचा आराखडा केला होता. नगररचनेचे काम पाहणारा नागपूर सुधार प्रन्यासही १९३६ च्या कायद्यानुसार याच सुमारास आकारास आला.

कायदेमंडळ, न्यायालय, विद्यापीठ व सचिवालय या संस्थांनी एका नव्या वर्गाला शहरात आणले. वकील, डॉक्टर, प्राध्यापक, अभियंते आणि शासकीय सेवेतील वरिष्ठ भारतीय अधिकारी यांचा हा वर्ग होता. प्रांताच्या तत्कालीन राजकारणातील अग्रणी नावेही याच व्यवसायांतून आलेली दिसतात. डॉ. बा. शि. मुंजे हे नेत्रवैद्य, मोरोपंत अभ्यंकर हे बॅरिस्टर, तर १९३७ मध्ये प्रांताचे मुख्यमंत्रिपद भूषविणारे डॉ. ना. भा. खरे हे व्यवसायाने डॉक्टर होते. हा वर्ग एकभाषिक नव्हता. मराठी कुटुंबांबरोबर हिंदी भाषक, बंगाली, पारशी, दाक्षिणात्य अशी अनेक घरे या वस्त्यांत शेजारी नांदत होती. जनगणनेनुसार १९२१ मध्ये शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख ४५ हजार होती. १९४१ मध्ये ती ३ लाखांच्या घरात गेली. अवघ्या वीस वर्षांत शहर दुप्पट झाले आणि या वाढीतील सुशिक्षित, मध्यम व उच्च मध्यम स्तराचे वास्तुरूप म्हणजे हे बंगले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने नागपूरचे राजधानीपद गेले. १९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे भरू लागले व उपराजधानी म्हणून शहराला स्थान मिळाले. परंतु प्रांताची राजधानी असलेल्या नागपूरचे दैनंदिन जीवन कसे होते, याचा प्रत्यक्ष पुरावा शासकीय भव्य इमारतींपेक्षा त्या इमारतींमध्ये काम करणाऱ्या माणसांच्या घरांत अधिक मिळतो. या बंगल्यांचे पहिले मूल्य पुराव्याचे आहे.

वाड्याकडून बंगल्याकडे :

'बंगला' हा शब्द बंगालमधील उतरत्या छपराच्या एकमजली घरावरून आला, असे मानले जाते. अँथनी किंग यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या वास्तुप्रकाराचा भारतातून इंग्लंड, अमेरिका, आफ्रिका व ऑस्ट्रेलियापर्यंत झालेला प्रवास मांडला आहे. नागपूरच्या संदर्भात मात्र प्रश्न उलट दिशेने विचारावा लागतो. वसाहतकालीन अधिकाऱ्यासाठी घडलेले हे घर भारतीय कुटुंबाने स्वीकारले, तेव्हा त्यात कोणते फेरफार केले?

महालातील वाडा अंतर्मुख असतो. त्याला रस्त्याकडे भक्कम भिंत व दरवाजा असतो आणि सारे जीवन आतल्या चौकाभोवती फिरते. बंगला बहिर्मुख असतो. तो आवाराच्या मध्यभागी उभा राहतो आणि उजेड, वारा चारही बाजूंनी घेतो. चौकाची जागा आवाराने घेतली, हा या स्थित्यंतराचा गाभा आहे. पण वाड्यातील सगळेच मागे राहिले असे नाही. या काळातील बंगल्यांच्या रचनेत पुढे व्हरांडा, त्यालगत पक्षकारांना किंवा रुग्णांना भेटण्याची खोली, मध्ये दिवाणखाना, त्यामागे माजघराची आठवण जपणारी जेवणाची खोली, देवघर, स्वयंपाकघर आणि शेवटी परसदार असा क्रम आढळतो. परसदारी विहीर व तुळशीवृंदावन, तर आवाराच्या कडेला नोकरांच्या खोल्या.

हा क्रम तत्कालीन सामाजिक व्यवहाराचा नकाशाच म्हणावा लागेल. पुढच्या खोलीपर्यंत सार्वजनिक जीवन, मधल्या भागात कुटुंब आणि मागच्या बाजूस स्त्रियांचे व श्रमाचे जग अशी ही विभागणी होती. व्हरांडा हा या दोन जगांमधला उंबरठा होता. परगावचा पक्षकार तेथे ताटकळत बसे, संध्याकाळी तेथेच वेताच्या खुर्च्या टाकून गप्पा होत आणि मुलांचा अभ्यासही तेथेच होई. सिव्हिल लाइन्समधील साहेबाच्या बंगल्यात स्वयंपाकघर मुख्य घरापासून वेगळे असे. येथे ते घराच्या आत आले आणि त्यासोबत सोवळेओवळे, सणवार व आलेगेलेही आत आले. बाहेरून सारखे दिसणारे हे दोन बंगले आतून वेगळे होते, ही बाब वारसामूल्य ठरविताना महत्त्वाची आहे. केवळ दर्शनी भाग पाहणाऱ्याला हा फरक दिसणार नाही.

हवामान, माती आणि बांधकाम :

नागपूरचा उन्हाळा हा या बंगल्यांचा खरा आराखडाकार होय. मे महिन्यात तापमान कित्येकदा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. विजेचा पंखा सर्वत्र पोहोचण्यापूर्वी घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी बांधकामावरच होती. त्यासाठी बारा-चौदा फूट उंचीची छते, छताजवळ गरम हवा बाहेर सोडणारे झरोके, समोरासमोर येणारी दारे-खिडक्या, उघडझाप करता येणाऱ्या पट्ट्यांच्या लाकडी झडपा, जाड भिंती आणि दक्षिण-पश्चिमेचे ऊन अडविणारा व्हरांडा अशी योजना असे. दारांवर वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडले जाई. जाड भिंत दिवसभर उष्णता शोषून घेते व ती आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. तोवर गच्ची किंवा अंगण झोपण्यासाठी मोकळे झालेले असते. घराचा वापर दिवसाच्या प्रहरांनुसार सरकत जाई. आज ज्याला ऊर्जाबचतीची वास्तुरचना म्हटले जाते, तिची बहुतेक तत्त्वे येथे नित्याच्या व्यवहारात होती.

मातीचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा होता. शहराचा पश्चिम भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या थरांवर वसला आहे आणि त्यावरची काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट उभे केलेले घर टिकत नाही. म्हणून पाया मुरमापर्यंत खोल न्यायचा आणि काळ्या दगडाचे उंच जोते बांधून त्यावर विटांच्या भिंती उभ्या करायच्या, अशी पद्धत होती. उंच जोत्यामुळे जमिनीतील ओलावाही घरापर्यंत चढत नसे. व्हरांड्याच्या चार-पाच पायऱ्या केवळ रुबाबासाठी नव्हत्या. त्यांचे कारण या मातीत आहे.

बांधकाम साहित्यात दोन युगांचा संगम दिसतो. घाणीत मळलेला चुना, पक्क्या विटा, सागवानी तुळया व मंगलोरी कौले हे जुने साहित्य, तर सिमेंट, लोखंडी गज व काँक्रीटची सपाट गच्ची हे नवे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मध्य प्रांतातच, कटनी येथे, सिमेंटचे उत्पादन सुरू झाले आणि १९३६ मध्ये अनेक कंपन्यांच्या एकत्रीकरणातून असोसिएटेड सिमेंट कंपनी स्थापन झाली. त्यामुळे १९३० नंतरच्या बांधकामांत काँक्रीटचे छज्जे, गोलाकार कोपरे, आडव्या पट्ट्यांची नक्षी व रंगीत सिमेंटच्या फरश्या यांचा वापर वाढत गेला. जगभर 'आर्ट डेको' म्हणून ओळखल्या गेलेल्या शैलीचे हे स्थानिक पडसाद होत. चुन्याच्या भिंतीवर काँक्रीटचा छज्जा पेलणारे घर हे त्या संक्रमणाचे वास्तुशास्त्रीय साक्षीदार आहे.

आवार, विहीर आणि संत्र्याचे झाड :

इमारतीइतकेच महत्त्व आवाराला आहे. नागपूरच्या संत्र्याचा उगम सांगताना रघुजी भोसले दुसरे यांनी औरंगाबादहून कलमे आणून आपल्या बागेत लावली, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. या कथेनुसार व्यापारी पीक होण्यापूर्वी संत्रे हे निवासालगतच्या बागेतील झाड होते. पुढे लोहमार्गामुळे त्याला दूरच्या बाजारपेठा मिळाल्या आणि काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या पट्ट्यात बागायती पसरली. रेल्वे स्थानकालगतचा 'संत्रा मार्केट' हा भाग या व्यापाराची स्मृती आपल्या नावात बाळगून आहे. भोसल्यांची महाराजबाग आणि १९०६ मध्ये स्थापन झालेले कृषी महाविद्यालय यांमुळे बागायतीचे ज्ञान शहराच्या ऐन मध्यावर उपलब्ध होते.

बंगल्याच्या आवारातील संत्रे, मोसंबी, लिंबू, पेरू, आंबा ही झाडे या परंपरेचा भाग आहेत. संत्र्याला पाणी हवे, पण मुळाशी साचलेले पाणी चालत नाही. भारी काळ्या जमिनीत निचरा न झाल्यास मूळकूज व डिंक्या रोग लागतो. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात, मृग बहाराची पावसाच्या प्रारंभी. बहार धरण्यापूर्वी झाडाला पाण्याचा ताण द्यावा लागतो. विहीर, पाट, जमिनीचा उतार आणि झाडांची आळी यांची आखणी या ज्ञानावर आधारलेली असते. आवाराची मोकळी जमीन पावसाचे पाणी मुरवते, विहीर ते परत देते, झाडे भिंतींवर सावली धरतात आणि सावलीतून आलेला वारा व्हरांड्यात शिरतो. अशा रीतीने इमारत व आवार मिळून एकच यंत्रणा तयार होते.

हे लक्षात घेतले म्हणजे एका प्रचलित तडजोडीची मर्यादा कळते. इमारत ठेवायची आणि सभोवतालच्या जागेवर बहुमजली बांधकाम करायचे, ही ती तडजोड. कागदोपत्री वारसा वाचतो. प्रत्यक्षात वारा अडतो, विहीर बुजते, झाडे जातात आणि उंच भिंतींच्या मध्ये अडकलेला बंगला निवास म्हणून निरुपयोगी होतो. काही वर्षांनी तो पाडण्यासाठी हेच निरुपयोगीपण कारण म्हणून पुढे केले जाण्याची शक्यता असते.

वारसामूल्याचे निकष :

वारसा म्हणजे प्राचीन, भव्य किंवा थोर व्यक्तीशी संबंधित वास्तू, अशी सर्वसाधारण समजूत आहे. हे तिन्ही निकष या बंगल्यांना पूर्णतः लागू पडत नाहीत. ते प्राचीन नाहीत, भव्य नाहीत आणि त्यांतील बहुसंख्य घरांत राहणारी माणसे इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात नाहीत. परंतु आंतरराष्ट्रीय पातळीवर वारशाची कल्पना बरीच पुढे गेली आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने थोर कलाकृतींबरोबरच काळाच्या ओघात सांस्कृतिक अर्थ प्राप्त झालेल्या साध्या वास्तूंचाही समावेश केला. १९७९ च्या ऑस्ट्रेलियातील बुरा सनदेने 'सांस्कृतिक महत्त्व' ही व्यापक संकल्पना मांडली. १९९४ च्या नारा दस्तऐवजाने अस्सलपणाचा निकष त्या त्या संस्कृतीच्या संदर्भात ठरवावा, असे सांगितले. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या 'इन्टॅक' या संस्थेने २००४ मध्ये भारतातील असंरक्षित वास्तुवारशासाठी स्वतंत्र सनद स्वीकारली.

दोन उदाहरणे येथे उद्बोधक ठरतात. मुंबईतील ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींबरोबर तेथील व मरीन ड्राइव्हवरील आर्ट डेको इमारतींचा २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत समावेश झाला. या ९४ इमारतींच्या समूहात दोन महायुद्धांच्या दरम्यान व नंतर उभ्या राहिलेल्या निवासी इमारतींची मोठी संख्या आहे. त्यांतील एकेक इमारत अद्वितीय आहे, असा दावा नव्हता. मान्यता मिळाली ती समूहाला. दुसरे उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील पॅसाडीना या शहराचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संत्रा बागायतदारांच्या वसाहतीतून हे शहर वाढले. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत तेथे बांधल्या गेलेल्या साध्या बंगल्यांची एक संपूर्ण वस्ती १९८९ मध्ये 'बंगलो हेवन' या नावाने संरक्षित करण्यात आली. फळबागांच्या शहरातील मध्यमवर्गीय घरेही समूहरूपाने वारसा ठरू शकतात, हे यातून दिसते.

या आधारे नागपूरच्या बंगल्यांचे मूल्य पाच अंगांनी तपासता येईल : ऐतिहासिक (राजधानीच्या काळाचा पुरावा), वास्तुशास्त्रीय (चुना व काँक्रीट यांचे संक्रमण), पर्यावरणीय (हवामानानुकूल रचना व आवार), सामाजिक (व्यावसायिक वर्गाची जीवनपद्धती) आणि नगरदृश्यात्मक (रस्त्याची रुंदी, वृक्षराजी व कमी उंचीची घरे यांची लय). एखादा बंगला यांपैकी एकाच अंगाने साधारण भासला, तरी सर्व अंगांचा एकत्र विचार केल्यास त्याचे मूल्य लक्षणीय ठरू शकते.

कायदा आणि त्यातील पोकळी :

प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात वास्तू किमान शंभर वर्षे जुनी असण्याची अट आहे. १९३० च्या दशकातील बंगले अद्याप या मर्यादेत येत नाहीत. १९२० च्या दशकातील बंगले नुकते कोठे या टप्प्यावर पोहोचत आहेत. शिवाय हा कायदा राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांसाठी आहे. खाजगी निवासस्थानांना त्याचा आधार मिळणे अवघड आहे. ज्या वास्तूंचे वय शंभर होण्यापूर्वीच त्या पाडल्या जातात, त्यांच्यासाठी ही अट संरक्षणाऐवजी प्रतीक्षेची ठरते.

दुसरा मार्ग नगररचनेचा. १९९५ मध्ये बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली आणि तिच्या धर्तीवर राज्यातील इतर शहरांतही वारसायाद्या व वारसा संवर्धन समित्या आल्या. नागपूरचीही अशी यादी व समिती आहे. या व्यवस्थेत वास्तूंची श्रेणीनिहाय विभागणी होते. पहिली श्रेणी राष्ट्रीय वा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तूंसाठी, दुसरी प्रादेशिक वा स्थानिक महत्त्वाच्या वास्तूंसाठी, तर तिसरी नगरदृश्याच्या आणि सामाजिक व सौंदर्यविषयक जिज्ञासेच्या दृष्टीने महत्त्वाच्या वास्तूंसाठी असते. आंतरमहायुद्धकालीन बंगल्याचे स्वाभाविक स्थान या तिसऱ्या श्रेणीत आहे. परंतु याच श्रेणीत फेरबदलांना सर्वाधिक मुभा असते. ज्या वास्तुप्रकाराचे मूल्य आवार व अंतर्गत रचना यांत आहे, त्याला दर्शनी भागापुरते संरक्षण मिळते.

आर्थिक दबावही वाढता आहे. धंतोली व रामदासपेठ ही आज रुग्णालयांची ठिकाणे झाली आहेत. मेट्रो रेल्वेमुळे तिच्या मार्गालगतच्या जमिनींचे विकासमूल्य वाढले आहे. अशा स्थितीत एकमजली घर आणि भोवतालची मोकळी जमीन ही बाजाराच्या भाषेत 'न वापरलेली' जागा ठरते.

आक्षेपांचा विचार :

संवर्धनाच्या या भूमिकेवर तीन गंभीर आक्षेप घेतले जाऊ शकतात. पहिला मालकीहक्काचा. अनेक घरांत वारसांची संख्या वाढली आहे, काही परगावी वा परदेशी स्थायिक झाले आहेत आणि वृद्ध मालकांना गळके छप्पर व वाळवी लागलेल्या तुळया दुरुस्त करणे परवडत नाही. शहराच्या स्मृतीचा भार एका कुटुंबाने का सोसावा, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. दुसरा आक्षेप सामाजिक न्यायाचा. हे बंगले सुखवस्तू वर्गाचे आहेत. त्यांच्या जतनासाठी सार्वजनिक साधने का खर्चावीत? तिसरा नागरी गरजेचा. वाढत्या शहराला घरे हवी आहेत आणि मध्यवर्ती जमीन अडवून ठेवणे परवडणारे नाही.

दुसऱ्या आक्षेपाला उत्तर देताना वारशाचे सोज्ज्वळ चित्र रंगविण्याचा मोह टाळला पाहिजे. आवाराच्या कडेच्या नोकरांच्या खोल्या, परसदारचे वेगळे प्रवेशद्वार, श्रमाची व शिवाशिवीची त्या काळची व्यवस्था ही सर्व या घरांच्या रचनेत नोंदलेली आहे. दिवाणखाना जतन करून या खोल्या पाडणे म्हणजे इतिहासाचे अर्धे पान फाडणे होय. उर्वरित दोन आक्षेपांचे उत्तर हेच की प्रत्येक जुना बंगला जतन करावा, अशी मागणीच योग्य नाही. निवड आवश्यक आहे, पण ती बाजाराने अपघाताने करण्याऐवजी अभ्यासाने व्हावी.

संवर्धनाच्या व्यवहार्य दिशा :

पहिली गरज नोंदणीची आहे. प्रत्येक शिल्लक बंगल्याचा तळनकाशा, आवाराचा नकाशा, विहीर व झाडांची नोंद, बांधकाम साहित्याचे वर्णन, छायाचित्रे आणि रहिवाशांच्या मौखिक आठवणी यांचे संकलन व्हावे. वास्तुशास्त्र, इतिहास, वनस्पतिशास्त्र, समाजशास्त्र व भाषा या विभागांच्या विद्यार्थ्यांनी एकत्रितपणे करावा असा हा प्रकल्प आहे आणि तो महाविद्यालयीन पातळीवर शक्य आहे. घर पाडले गेले तरी नोंद उरते. म्हणून ही पायरी इतर कोणत्याही निर्णयाची वाट पाहत थांबू नये.

दुसरी दिशा समूहाच्या संरक्षणाची. एकेका घराऐवजी ज्या गल्लीत किंवा रस्त्यावर पाच-सहा बंगले अद्याप सलग उभे आहेत, तो भाग 'वारसा परिसर' म्हणून विचारात घ्यावा. तेथे इमारतींची उंची, रस्त्यापासूनचे अंतर, कुंपणभिंतीची उंची आणि झाडे यांविषयी नियम असावेत.

तिसरी दिशा भरपाईची. वारसा म्हणून बांधकामावर मर्यादा आल्यास मालकाला हस्तांतरणीय विकास हक्क देण्याची संकल्पना नगररचनेत रूढ आहे. ती सुलभपणे मिळावी, तसेच मालमत्ता करात सवलत व दुरुस्तीसाठी साहाय्य असावे. दवाखाना, वाचनालय, अभ्यासिका, सल्लाकार्यालय, लहान अतिथिगृह असे अनुरूप नवे उपयोगही मान्य करावेत. पुढची खोली प्रारंभापासूनच व्यवसायासाठी असल्याने असा उपयोग या घरांच्या प्रकृतीशी विसंगत नाही.

चौथी दिशा योग्य दुरुस्तीची. चुन्यात बांधलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केल्यास आतील ओलावा बाहेर पडू शकत नाही, विटा झिजतात व गिलावा पोपडे धरून सुटतो. अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा हवा. १९३० च्या दशकातील काँक्रीटमध्ये गजांवरील आवरण कमी असल्यास गज गंजून छत फुगते; तेथे वरवर लिंपण्याने काम भागत नाही, गंजलेला भाग उघडा करून दुरुस्ती करावी लागते. चुन्याचे काम जाणणारे गवंडी व जुने सागवान ओळखणारे सुतार यांचे कौशल्यही वारशाचाच भाग आहे आणि ते घरांहून अधिक वेगाने लोप पावत आहे.

निष्कर्ष :

१) दोन महायुद्धांच्या दरम्यानचे नागपुरातील खाजगी बंगले हे राजधानीच्या काळात घडलेल्या भारतीय व्यावसायिक वर्गाच्या जीवनाचे महत्त्वाचे भौतिक पुरावे आहेत.
२) वसाहतकालीन नमुन्यात वाड्यातील जीवनक्रम सामावून घेणारी ही स्वतंत्र वास्तुरचना असून तिला केवळ अनुकरण म्हणणे योग्य नाही.
३) इमारत व आवार यांची हवामान, पाणी व माती यांच्याशी असलेली सांगड हे तिचे मुख्य मूल्य आहे, दोहोंची फारकत केल्यास मूल्य नष्ट होते.
४) वय, भव्यता व थोर व्यक्तीचा संबंध या निकषांऐवजी समूहाचा व जीवनपद्धतीचा निकष येथे लागू करणे आवश्यक आहे.
५) संवर्धनाचा भार एकट्या मालकावर न टाकता नोंदणी, भरपाई, अनुरूप वापर व योग्य दुरुस्ती या मार्गांनी तो वाटून घ्यावा लागेल.

संत्र्याच्या मानांकनाने एक गोष्ट मान्य केली : फळाची चव त्याच्या मातीपासून वेगळी काढता येत नाही. घराच्या बाबतीतही हेच खरे आहे. व्हरांडा त्याच्या सावलीपासून, जोते त्याच्या काळ्या मातीपासून आणि विहीर तिच्या आवारापासून वेगळी केली, तर उरते ती केवळ जुनी इमारत. ज्या शहराने आपल्या फळाचे मूल्य ओळखले, त्याने त्या फळाचे झाड अंगणी वाढविणाऱ्या घरांचेही मूल्य, ती घरे उभी आहेत तोवर ओळखावे, हेच उचित ठरेल.